पित्ताचं ऑपरेशन

आमच्या घरात माझ्या दुखण्याला दुखणं कुणी म्हणत नव्हतं. "हिचं पित्त" म्हणायचे. मराठीत हा शब्द भलताच सोयीचा आहे. छातीत जळजळलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, आणि बाईनं चिडून उलट उत्तर दिलं तरी तिचं पित्त खवळलं. मला जळजळही व्हायची आणि मी उलट उत्तरंही द्यायची, त्यामुळे आमच्या ह्यांनी दोन्हीला एकच उपाय ठरवून टाकला होता. गप्प बसायचं आणि थंड दूध प्यायचं.

हे सुरतेला, पांडेसऱ्याच्या एका कापड मिलमध्ये कलर मास्तर. कापडावर कुठला रंग किती चढेल हे डोळे मिटून सांगतील, पण बायकोच्या चेहऱ्याचा रंग उडाला तर संध्याकाळी विचारायचे, "आज भाजीत मीठ कमी का?" मी तिथल्याच एका मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दिवसभर ओरडायचं काम. वर्ष-दोन वर्षांत माझा आवाज असा काही घोगरा झाला की नव्या वर्गातली पोरं आधी घाबरायची आणि मग हसायची.

पण आवाज गेला त्याचं मला फारसं वाटलं नाही. वाईट वाटायचं ते झोपेचं. आडवं पडलं की पोटातलं आंबट-कडू पाणी घशाशी यायचं, कधी थेट नाकात. ठसका लागायचा, श्वास कोंडायचा. कित्येक वर्षं मी भिंतीला पाठ टेकून, बसूनच झोपत होते. शेजारी हे हातपाय पसरून घोरायचे आणि मी त्यांच्याकडे बघत बसायची. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यांचा जीव घ्यावासा वाटायचा. मला दुसरं काही नको होतं. चारचौघांसारखं सपाट आडवं पडून झोपायचं होतं, बस्स.

शेवटी गोळ्याही पुरेनात तेव्हा एका सर्जननं तोंडातून दुर्बीण घालून बघितलं. सुरतेचाच माणूस, गुजराती, बोलायला मोकळा. म्हणाला, छाती आणि पोट यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्यातलं भोक मोठं झालंय आणि तुमचं जठर त्यातून वर छातीत चढून बसलंय. पोटाला बारीक छेद देऊन दुर्बिणीतून ते खाली ओढायचं, भोक शिवून लहान करायचं आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घालायचे, म्हणजे खाल्लेलं वर येणार नाही. हातानं त्यानं गळ्याभोवती पदर लपेटल्यासारखं करून दाखवलं. या दुखण्याचं नाव हायटस हर्निया.

घरी येताना रिक्षात आमचे हे रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हर्निया बायकांना कुठं होतो?"

"मला झालाय ना."

"अगं, पण मिलमध्ये मी काय सांगू? मास्तरच्या बायकोला हर्निया झाला म्हणून?"

आमच्याकडे हर्निया म्हटलं की लोक एकदम लुंगीकडेच बघतात. तो आजार पुरुषांचा, आणि तोही कुजबुजत सांगायचा. त्यात ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वर्षानुवर्षं आडवं पडता येत नाही याची लाज ह्यांना कधी वाटली नव्हती, पण या एका शब्दाची वाटली. त्यांनी रिक्षातच निर्णय घेऊन टाकला. म्हणाले, "पित्ताचं ऑपरेशन आहे म्हणून सांगायचं. तेही खरंच आहे."

खरं होतंच. म्हणूनच तर घात झाला.

ऑपरेशन उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवलं. मुलगी पुण्याला, तिला सातवा महिना, तिला धावपळ करायला लावायची नाही असं माझंच म्हणणं होतं. मग ह्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला, माझ्या नणंदेला, अमळनेरकडच्या गावाहून बोलावून घेतलं. फोनवर मी ऐकत होते. "ताई, हिचं पित्ताचं ऑपरेशन आहे." पलीकडून ताईंचा खणखणीत आवाज आला, "हात्तिच्या! माले बी तेच जायं व्हतं!"

ताईंची पित्ताची पिशवी मागच्याच वर्षी धुळ्याला काढली होती. खडे झाले होते. तेही दुर्बिणीनंच. माझं आणि त्यांचं एकच, हे त्या क्षणी ठरलं, आणि ह्यांनी तोंड उघडून "नाही ताई, हिचं वेगळं आहे" एवढं म्हटलं नाही. मी म्हटलं तर म्हणाले, "जाऊ दे ना, कुठं समजावत बसू."

ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडताना सर्जननं आम्हां दोघांना समोर बसवून सांगितलं. पहिले काही दिवस फक्त पातळ, मग मऊ. रोटी, पाव, चिकट भात, काही नाही. सोडा तर नावही घ्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बेन, उलटीची उबळ येऊ द्यायची नाही. ताजे टाके आहेत, जोर पडला तर सुटतील. ढेकर यायचाही नाही काही दिवस, पोट फुगल्यासारखं वाटेल, घाबरायचं नाही. हे मान डोलावत होते. मध्ये एकदा "जी साहब" पण म्हणाले. म्हणजे ऐकलं होतं, सगळं ऐकलं होतं.

आणि त्या रात्री मी आडवी झोपले. पलंगावर सपाट, एका पातळ उशीवर. घशाशी काही आलं नाही. मी पुन्हा पुन्हा आवंढा गिळून बघत होते, आणि काहीच नव्हतं, नुसती लाळ, गोड लाळ. मला हसू यायला लागलं आणि पोटावरचे टाके ओढले गेले तरी थांबेना. सकाळी जाग आली तर तोंड उघडं होतं आणि उशी ओली झाली होती. बाई गं, काय सांगू, लग्नानंतर इतकी सुखाची गोष्ट माझ्या वाट्याला आलीच नव्हती.

ताई आल्या त्या आखाजीच्या तोंडावर. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आम्हां खानदेशी लोकांत तिला दिवाळीचा मान. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. सासू गेल्यापासून ताईंचं माहेर म्हणजे आमचंच घर. आणि माहेरी येऊन भावजयीची सेवा करायची वेळ आली याचा राग त्यांनी पहिल्या तासातच बोलून दाखवला. "आखाजीले लेकी येतस झोका खेळाले, नि मी उनू हिनं दूध गरम कराले."

मी म्हटलं, "ताई, दूध मी करून घेईन. तुम्ही झोका बांधा." नाकाला मिरच्या झोंबल्याच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्या पोटावरचे छेद बघायला मागितले. मी साडी सैल केली. त्यांनी आपलंही पोट उघडून शेजारी लावलं आणि बोटानं मोजायला लागल्या. त्यांचे चार, माझे पाच. मला वाटलं, आता तरी पटेल. तर ताई हसल्या आणि म्हणाल्या, "तुले एक जास्ती दिना व्हई, मास्तरीण शे ना तू."

मग त्यांचा पाढा सुरू झाला. मी तिसऱ्या दिवशी भाकर खाल्ली. मी पाचव्या दिवशी ठेचा खाल्ला. मी आठव्या दिवशी शेतात गेले. आणि ही बघा, चहाच्या बशीत मुगाचं पाणी पिते. मी समजावलं. बाई, तुमची पिशवी काढून टाकली, माझं काही काढलेलं नाही, गुंडाळून शिवलंय, ते ओलं आहे अजून. चित्र काढून दाखवलं, पहिलीच्या पोरांना दाखवते तसं. ताईंनी चित्र बघितलं आणि ह्यांना हाक मारली, "भाऊ, हाई काय म्हनी ऱ्हायनी? पित्त काढंच नही का हिनं?"

हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "काढलं असतं तर एवढी बोलली असती का?"

बहीणभाऊ पोट धरून हसले. मीही हसले असते, पण टाके होते.

आखाजीच्या दिवशी आमच्यात पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, त्यावर लहान मडकं, वर आंबा. निखाऱ्यावर तूप आणि पोळीचा तुकडा टाकून आगारी देतात. सासूबाई सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांच्या नावानं एक सवाष्ण जेवायला बसवायची, ती जेवली म्हणजे आई जेवली. दरवर्षी समोरच्या गल्लीतली एक बाई यायची. यंदा ती लग्नाला गावी गेलेली. ताईंनी सकाळपासून पुरण वाटलं, पोळ्या केल्या, आमरस काढला, आणि पान वाढून झाल्यावर त्या माझ्या पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ. लेक चालस नही, सून चालस."

मी म्हटलं, "ताई, मला पोळी चालत नाही."

"मऊ शे. लोण्यासारखी शे. दात नसलेली म्हातारी खाई."

"मऊ असली तरी पीठ आहे. अडकेल. डॉक्टरनी रोटीला नाही म्हटलंय."

"रोटी येगळी, पुरणपोळी येगळी."

 मी पाणी घालून पातळ केलेल्या आमरसाची वाटी पुढे केली. म्हटलं, आईच्या नावानं रस पिते. ताईंचा चेहरा बदलला. त्या घागरीकडे वळल्या, पदर डोळ्याला लावला आणि रडायला लागल्या. "माय वो, तुनी सून तुले उपाशी ठेवी ऱ्हायनी. माय उपाशी जाई वो!" खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून ऐकायला लागले असतील, इतक्या मोठ्यांदा.

मी ह्यांच्याकडे बघितलं. सर्जनसमोर मान डोलावणारा माणूस सोवळं नेसून घागरीपुढे बसला होता. मला वाटलं, आता तरी सांगतील. एकच वाक्य लागत होतं. "ताई, तिला चालत नाही." तीन शब्द आणि एक हाक.

हे म्हणाले, "एक घास खा. आईसाठी. सणाच्या दिवशी तमाशा नको."

मला काय राग आला म्हणून सांगू! असा राग आला की आता हिचं तोंड बंद करायचं आणि ह्याचंही, एवढंच डोक्यात राहिलं. पाटावर बसले. पोळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तोडला, दुधात बुडवला, चावून चावून त्याचा नुसता लगदा केला आणि गिळला. ताईंनी हात जोडले. "जेवी वो माय, जेवी."

तो घास खाली गेलाच नाही. छातीच्या मधोमध येऊन थांबला. आधी वाटलं, जाईल. मग थुंकीही खाली उतरेना. तोंडाला फेस यायला लागला, मी तो पदरानं पुसत होते आणि तो येतच होता. छातीत कुणी मूठ आवळून धरल्यासारखं झालं. मला बोलता येईना. मी खुणेनं दवाखाना, दवाखाना म्हणत होते, आणि ताई माझ्या पाठीत बुक्के मारत होत्या. "हवा अटकी गई. ढेकर उना म्हंजे मोकळं वाटी. भाऊ, सोडा लय!"

सुरतेत सोड्याची गाडी हाकेच्या अंतरावर. आणि आमचे हे, जे माझ्या औषधासाठी कधी गल्लीच्या टोकाला गेले नाहीत, ते सोवळ्यात, अनवाणी, धावत खाली गेले आणि जिरा सोडा घेऊन आले. मी मान हलवली. ताईंनी एका हातानं माझी हनुवटी धरली आणि दुसऱ्या हातानं बाटली तोंडाला लावली.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. सोडा खाली जाईना, वर उसळला. उबळ आली. मी दातओठ खाऊन ती दाबत होते, दोन्ही हातांनी पोट धरून ठेवलं होतं, मनात एकच, टाके, टाके. पण उबळ कुणाच्या बापाचं ऐकते? एकामागून एक. बाहेर काहीच पडत नव्हतं, नुसतं आतून ओढलं जात होतं. मग बरगड्यांखाली काहीतरी सटकन निसटल्यासारखं झालं आणि डाव्या खांद्यापर्यंत कळ गेली. मला तेव्हाच कळलं. रिक्षा बोलवायच्या आधी, कुठल्याही फोटोच्या आधी, मला कळलं की गेलं.

रिक्षात हे म्हणाले, "ताईसमोर एवढं करायची गरज नव्हती."

सर्जननं दुर्बीण घालून चिमट्यानं घास काढला. मग पोटाचे फोटो निघाले. जठर पुन्हा वर सरकलं होतं, टाके सुटून. तो माझ्या उशाशी आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. "बेन, मैंने क्या बोला था? रोटी क्यों खाई?" माझ्या नाकात नळी होती, घसा सोलून निघाला होता. मी ह्यांच्याकडे बोट दाखवणार तेवढ्यात हेच बोलले. "त्योहार था ना साहब. उसको पुरणपोळी का बहुत शौक है."

सर्जननं माझ्याकडे बघून मान हलवली. "टीचर होके..." एवढंच म्हणाला आणि निघून गेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही माझ्याकडे तसंच बघितलं. हावरट बाई! सणाची पोळी सोडवली नाही! माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते दुखण्याचं नव्हतं. अंगात बळ असतं तर मी तिथंच ह्यांच्या थोबाडीत दिली असती. अजूनही वाटतं, द्यायला हवी होती.

संध्याकाळी ताई आल्या. डोळे सुजलेले. कपाळाला हळदकुंकू, आखाजीची नवी साडी. खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "आते कसं वाटस?"

तोवर माझ्या घशातून थोडा आवाज फुटायला लागला होता. मी त्यांना जवळ बोलावलं. त्या वाकल्या. मी एकेक शब्द सुटा करून सांगितलं, एकही निसटू नये म्हणून. "ताई, तुमच्या आईच्या नावाचा घास माझ्या पोटात गेलाच नाही. छातीत अडकला होता. डॉक्टरनी चिमट्यानं ओढून काढला आणि कचऱ्याच्या बादलीत टाकला. रक्ताच्या बोळ्यांबरोबर."

मला त्यांना दुखवायचंच होतं. इतकं दुखवायचं होतं की त्यांनी खाली बसावं. आणि त्या बसल्याच, खालच्या स्टुलावर, एकदम. तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील, चुकलं माझं. निदान आता तरी माझ्या पोटाकडे बघतील.

ताईंनी मान वळवून ह्यांना विचारलं, "मंग माय उपाशीच गई का रे भाऊ?"

हे खिडकीशी उभे होते.  त्यांची हनुवटी थरथरायला लागली. इतक्या वर्षांत मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं. लग्नात नाही, मुलीच्या पाठवणीत नाही, मला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तर नाहीच. आता दोघंही रडत होते, तोंडं झाकून, आवाज न करता. बहिणीनं भावाचा हात धरला होता. माझ्या नाकातल्या नळीतून हिरवट पाणी थेंब थेंब पिशवीत पडत होतं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

एवढ्यात सर्जन फेरीवर आला. म्हणाला, थांबण्यात अर्थ नाही, जठर तिथं अडकून राहिलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटेल. उद्या सकाळी पहिलीच केस तुमची घेतो. या वेळी अवघड असेल, पण आत्ताच केलं तर टिकायची आशा आहे.

हे डोळे पुसत पुढे झाले. मला वाटलं, काय लागेल ते करा म्हणतील. हे म्हणाले, "साहब, दोपहर में नहीं हो सकता?"

"क्यों?"

"सुबह घर पे थोडी पूजा है. माताजी का अधूरा रह गया."

सर्जनला काही कळलं नाही. तो एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मी घशात होता नव्हता तेवढा आवाज गोळा केला. "सुबह ही कीजिए. साइन मैं करती हूँ." नर्सनं कागद पुढे धरला, मी पडल्या पडल्या सही केली. हे ताईंना घेऊन निघाले, कारण पुरण पुन्हा शिजवायचं होतं आणि बाजारातून नवी घागर आणायची होती.

सकाळी वॉर्डबॉयनं माझी गाडी आत ढकलायच्या आधी दोनदा विचारलं, "माँजी, आपके साथ कौन है?" दाराशी कुणी नव्हतं. मी म्हटलं, "कोई नहीं. चलो."